नाशिकचे विणकर, तीन हजार कार्षापण आणि दुय्यम निबंधक

बोरूबहाद्दर

मागच्या महिन्यात जागेच्या दस्तासाठी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अर्धा दिवस काढला. टोकनचा नंबर काही येईना. भिंतीवरचा बोर्ड चौथ्यांदा वाचताना ‘निबंधक’ या शब्दापाशी अडकलो. शाळेत पावसाळ्यावर लिहिला तो निबंध, आणि खरेदीखतावर शिक्का मारतो तो निबंधक. दोघांचं नातं काय? नातं आहे, आणि ते बघायला नाशिकला पांडवलेण्यावर जावं लागतं.

दहा नंबरचं लेणं, नहपान विहार. लोक खांबांवरचे प्राणी बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर जो ब्राह्मी लेख आहे तो उषवदाताचा. हा दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप (म्हणजे शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई. साल ४२. (शकाचं धरलं तर इ.स. १२०. काही अभ्यासक ते नहपानाचं राजवर्ष धरतात आणि सगळा पट मागे नेतात. तो वाद इथे काढू नका, हात जोडतो.)

लेणं भिक्षुसंघाला दिलं, असं आधी येतं. मग येते ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे मुद्दल, जे कधी मोडायचं नाही असं. रक्कम ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी). ती भिक्षूंच्या हातात दिलेली नाही, राजाच्या खजिन्यातही नाही. गोवर्धन गावात, म्हणजे तेव्हाच्या नाशिक परिसरातल्या मुख्य नगरात, विणकरांच्या श्रेणी, म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांच्या संघटना, होत्या. एका ‘कोलिकनिकाया’कडे २००० ठेवले, व्याज ‘पडिक सत’, म्हणजे महिन्याला शेकडा एक. दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १०००, व्याज ‘पायुन पडिक सत’.

पायुन! आपलं पाऊण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर पाऊण टक्का लिहिलाय आणि वाचताना तर्जुम्याची गरज पडत नाही. त्याच लेखात व्याजाला ‘वढि’ म्हटलंय. आमच्याकडे धान्य उसनं देताना ‘वाढीदिढी’ म्हणायचे ते आठवलं. पुढे अट: ‘अपडिदातव वढिभोज’. मुद्दल परत करायचं नाही, वाढ तेवढी उपभोगायची.

माझा जीव मात्र पुढच्या ओळीत अडकला. ‘एत च सर्व स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे चरित्रतो ति.’ हे सगळं निगमसभेत वाचून ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात, म्हणजे नोंदणीच्या दफ्तरात, निबद्ध केलं. निबद्ध करणारा तो निबंधक. माझा नंबर पुकारला गेला तेव्हा साहेबांनी साक्षीदारांसमोर विचारलं, ‘दस्त वाचून पाहिला ना? मजकूर मान्य आहे?’ स्रावित आणि निबध, एकाच टेबलावर.

उषवदात राजाचा जावई होता. त्याने तोंडी सांगितलं असतं तरी कोणी ‘नाही’ म्हणायची छाती केली नसती. तरीही व्यवहार नगराच्या सभेत वाचला गेला आणि कुणा अनाम कारकुनाच्या फलकावर चढला. श्रेणींच्या वैभवावर पुष्कळ लिहिलं जातं. माझं म्हणणं एवढंच की श्रेणीकडे पैसा ठेवावा असं लोकांना वाटायचं ते त्या वैभवामुळे नव्हे, त्या कारकुनामुळे. इतिहासात त्याचं नाव नाही. (माझा आयडी बघून पक्षपात समजून घ्यालच. तीस वर्षं खर्डेघाशी केलीय.)

जुन्नर, कार्ले, कान्हेरीकडचं कोणाला माहीत असेल तर भर घाला.

गाळीव हिशेब

मस्त धागा. आधी आकडे तपासले, सवय आहे.

२००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय की या रकमेतून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. २० गुणिले १२, बरोबर २४०. एक कवडी वर नाही, खाली नाही. १००० वर पाऊण टक्क्याने वर्षाला ९०, ते ‘कुशणमूल’ या खर्चासाठी. त्या शब्दाच्या अर्थावर पंडितांचं एकमत नाही.

म्हणजे आधी खर्च मांडला, मग व्याज, मग त्यावरून मुद्दल काढलं. उलट्या बाजूने गणित केलंय. हे करणारा माणूस तुमचा तो अनाम कारकूनच.

शंका: एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणींचे दर वेगळे का?

उपरणं

वाखु (वाचनखूण) साठवली. सावकाश वाचतो.

कोष्टी गल्ली

हिशेब साहेब, दरातला फरक मला तरी नवलाचा वाटत नाही. आमचं घर येवल्याचं, आजोबांपर्यंत घरात माग होता. मागावर बसणाऱ्याची अडचण एकच. सूत, रेशीम, जर आधी रोखीने घ्यायचं, आणि पैठणी उतरून विकली जाईपर्यंत महिने जायचे. मधले महिने कोणाच्या तरी पैशावर चालतात. एकट्या विणकराला तो पैसा सावकार देतो आणि मान पकडतो. विणकर एकत्र येऊन बाहेरून ठेव घेत असतील तर सावकाराची पायरी चढायला नको. ज्या गटाचा माल हमखास उठतो त्याला पाऊण टक्क्यालाही ठेव मिळते, ज्याला गरज जास्त तो एक टक्का देतो. हा माझा अंदाज हं, शिलालेखात कारण दिलेलं नाही.

आणि ठेवीच्या व्याजातून भिक्षूंना चीवर! म्हणजे ते कापडही याच विणकरांकडून घेतलं जात असणार. पैसा दारातून बाहेर जाऊन पुन्हा त्याच दारातून आत.

हरभऱ्याचं झाड

कोलिक म्हणजे कोळी ना? मग गोदावरीवरचे मासेमार असतील.

बोरूबहाद्दर

@हरभऱ्याचं झाड, नाही हो. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर. पंचतंत्रात विष्णूचं सोंग घेऊन राजकन्येकडे जाणारा तो कौलिक, आठवतोय का? लाकडाच्या गरुडावर बसून. जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याचा यांच्याशी संबंध लावायचा मोह मलाही होतो, पण तो भाषातज्ज्ञांवर सोडू.

हरभऱ्याचं झाड

बरं, कोळी मागे घेतो. पण या सगळ्याला सरसकट ‘प्राचीन बँक’ म्हणायची जी लाट असते तिला माझा विरोध. आमच्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. पावत्या छापील, शिक्के गोल, नोंदी चोख. संस्था बुडाली. वडील गेले, पावत्या अजून कपाटात आहेत. तेव्हा कागदावर नोंद होती म्हणून ठेव सुरक्षित होती, हे मला पटत नाही. निबंधकाचा शिक्का बुडणाऱ्याला तारत नाही.

बोरूबहाद्दर

@हरभऱ्याचं झाड, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आणि मुद्दा खरा आहे. ‘बँक’ शब्द मी वापरला नव्हता, यापुढेही टाळेन.

तरी एक दाखला देतो, कारण तुमचीच शंका त्या काळच्या लोकांनाही होती असं दिसतं. स्कंदगुप्ताच्या काळातला इंदूरचा ताम्रपट. हे इंदूर म्हणजे उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात सापडलेलं, जुनं इंद्रपूर. होळकरांचं नव्हे. साल इ.स. ४६५-६६. एका ब्राह्मणाने तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, श्रेणीचा प्रमुख जीवंत. त्या बदल्यात सूर्याच्या देवळातल्या दिव्याला रोज दोन पळं (जुनं माप) तेल द्यायचं. दोन गोष्टी बघा. व्याज पैशात नाही, तेलात आहे. तेल महागलं तर ठेव ठेवणाऱ्याचं नुकसान नाही, श्रेणीने सोसायचं. आणि श्रेणीने ही वस्ती सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं तरी, जोवर ती एकजूट आहे तोवर देणं चालू राहील. स्थलांतर गृहीत धरून कलम घातलंय!

ते उगाच नव्हतं. रेशीम विणणाऱ्यांची एक अख्खी श्रेणी लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, उठून दशपुरला म्हणजे मंदसोरला गेली. तिथे इ.स. ४३६-३७ मध्ये त्यांनी सूर्याचं देऊळ बांधलं आणि ४७३ च्या सुमारास डागडुजी करून लांबलचक संस्कृत प्रशस्ती कोरून घेतली. तिच्यात त्यांनीच सांगितलंय की आमच्यातले काही रेशमात राहिले, काही धनुर्विद्येत गेले, काही ज्योतिषात, काही कथा सांगण्यात. म्हणजे ‘एकजूट आहे तोवर’ हे शब्द किती मोजून घातले होते ते कळतं.

उषवदाताच्या लेखात असं काही नाही. बारा कार्षापण ठरले ते ठरले. कापूस महागला तर भिक्षूने आखूड चीवर नेसायचं. आमच्या शाळेत कोणीतरी वडिलांच्या नावे ५०१ रुपयांची कायम ठेव ठेवली होती, व्याजातून गणितात पहिला येईल त्याला बक्षीस. मला मिळालं तेव्हा त्यात कंपासपेटी आली. पुतण्याला मिळालं तेव्हा खोडरबर.

उपरणं

खोडरबर 😂 अक्षयनीवी ती हीच.

अबोली

उशिरा आले. पुरुष मंडळींनी कारकून शोधला, बाया शोधल्या नाहीत, म्हणून चार ओळी.

त्याच दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताच्या बायकोचा, दक्षमित्रेचाही लेख आहे. तिने खोली दान दिली. त्याच लेण्यात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे, तो विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा. तिने अक्षयनीवी ठेवली ती त्रिरश्मी डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. आणि एका श्रेणीत सगळा पैसा न टाकता वाटून ठेवला: कुलरिकांकडे १०००, ओदयंत्रिकांकडे २०००, शिवाय तेल्यांच्या श्रेणीकडेही. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे किंवा चालवणारे. माझी आई भिशी, पोस्ट आणि सोन्याची वळी अशी वाटणी करायची, तिची आठवण आली.

तिसरी बाई तीन नंबरच्या लेण्यात आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे तिथे दोन हुकूम कोरलेत, गोवर्धनच्या अमात्यांना धाडलेले. चोविसाव्या वर्षाच्या हुकमात राजाबरोबर त्याच्या आईचंही नाव आहे. हुकूम तोंडी दिला, आणि त्याच्या लेखाचं काम लोटा नावाच्या प्रतिहाररक्षीकडे, म्हणजे द्वाररक्षिकेकडे, होतं. बोरूबहाद्दर, तुमच्या अनाम कारकुनांमधलं हे एक नाव उरलंय, आणि ते बाईचं आहे. घ्या.

बोरूबहाद्दर

@अबोली, दंडवत. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

त्या दोन हुकमांबद्दल लिहायचं राहिलंच होतं, ते कारकुनी वाङ्मयाचे नमुने आहेत. अठराव्या वर्षाचा पहिला. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. त्याच लेण्यात आईने, बलश्रीने, त्याला ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ म्हटलंय. एवढी उलथापालथ झाली, आणि हुकूम काय म्हणतो? अपरकखडि गावातलं जे शेत ‘अजकालकियं’ उषभदताने (म्हणजे आपल्या उषवदातानेच) भोगलं, ते २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्षूंना दिलं. आजकालपर्यंत! मालक बदलला तरी सातबाऱ्यावरचं आधीचं नाव आणि क्षेत्र लिहूनच पुढची नोंद.

सहा वर्षांनी दुसरा हुकूम. कखडीत पूर्वी दिलेलं शेत ‘न कसते, सो च गामो न वसति’. शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही. तेव्हा नगराच्या शिवेवरचं राजाच्या मालकीचं १०० निवर्तनं शेत त्याऐवजी द्या. सोबत सवलती: त्यात कोणी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, आणि या सवलती तिथे ‘निबधापेथ’, नोंदवून घ्या. पुन्हा तोच धातू.

गाळीव हिशेब

२०० चं शेत गेलं आणि १०० मिळालं. भूसंपादन तेव्हापासूनच असं आहे तर.

आणि दुसऱ्या हुकमाखाली दोन तारखा दिसतात. एक पावसाळ्याच्या चौथ्या पंधरवड्यातली, दुसरी, निबद्ध केल्याची, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातली, साल तेच २४. पावसाळ्याचे आठ पंधरवडे, हिवाळ्याचे आठ. ओळीने मोजलं तर मध्ये सात महिने. (वर्ष कुठून सुरू धरता यावर हे गणित उलटूही शकतं, म्हणून पैज लावत नाही.)

उपरणं

सात महिने? फाईल ‘वर’ गेली असेल.

रुमालातला कागद

चर्चा सातवाहनांतच फिरतेय, म्हणून पुण्याकडे ओढतो. जुन्नरची आठवण धाग्यात निघालीच आहे. तिथल्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी (पाण्याचं टाकं) दान दिल्याचा लेख आहे, आणि दुसऱ्या एका लेखात वंसकार म्हणजे बांबूकाम करणारे, कासकार म्हणजे कासार. तेच कासारकाम, तांबटकाम आज कसबा पेठेत तांबट आळीत ऐकू येतं. हंड्यावर मठारकाम चाललं असेल तर दोन बोळ अलीकडे टाक्‌ टाक्‌ कानावर पडते. धंदा टिकला, श्रेणी गेली.

तिच्या जागी काय आलं? मराठी कागदांत शेटे आणि महाजन दिसतात. शेटे म्हणजे श्रेष्ठी. नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल द्यायचे, सुरुवातीची काही वर्षं करमाफी असायची. शेटेपण आणि महाजनकी ही वतनं. शेट्याने उदमी-कारागीर आणून वसवायचे, त्यांचे तंटे बघायचे, महाजनाकडे लिहिणं-हिशेब. मोबदल्यात पेठेतल्या प्रत्येकाकडून थोडा थोडा हक्क: तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पानं, चांभाराकडून जोडा. इथेच फरक पडला असं मला वाटतं. श्रेणी स्वतःची माणसं स्वतः निवडत असावी. शेटेपण बापाकडून मुलाकडे गेलं, आणि मग भावाभावांत त्यावरून वाद होऊन ते कागद आमच्यासारख्यांच्या हाती आले. भांडणं नसती तर पेठांचा निम्मा इतिहास आपल्याला कळलाच नसता.

आता कारकुनाबद्दल, कारण धागा खरं तर त्याच्याच नावाचा आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या दिवसांत दोनशेवर कारकून होते. नाना फडणिसांच्या काळात शिस्त कडक, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिचा विचका झाला. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ते कागद जपले. प्रेमापोटी नाही, इनामं कुणाची खरी आणि कुणाची खोटी हे ठरवायला त्यांना तेच लागत होते. १८९१ साली त्यांच्यासाठी दगडी इमारत बांधली, तेच आजचं पुण्याचं पुराभिलेखागार. एकोणचाळीस हजारांच्या आसपास रुमाल (फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी), बहुतेक मोडी. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी तो डोंगराचा एक खडा.

मोडी शिकल्यावर पहिला रुमाल सोडला तो दिवस सांगतो. फडकं उलगडलं की आधी धूळ, मग जुन्या कागदाचा तो कोंदट वास, मग बोटाला काहीतरी कचकच लागतं. वाळू. बोरूने लिहिल्यावर ओली शाई टिपायला कारकून वाळू भुरभुरायचा. त्यातले कण अडीचशे वर्षं अक्षरांना चिकटून होते आणि माझ्या नखात आले. त्याने आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली, मग अक्षरं खाली लोंबवत नेलेली. तारीख अशी: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर आणि हजार. ११७१, शुहूर सन, म्हणजे १७७०-७१. ताव संपला की दुसरा चिकटवायचा आणि सांध्यावर मागून शिक्का मारायचा, मधला ताव कोणी बदलू नये म्हणून. आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का. त्याच्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी.

@हरभऱ्याचं झाड, तुमचं म्हणणं मला काही अंशी पटतं. नोंद बुडणाऱ्याला वाचवत नाही. पण कोणी बुडवलं, किती बुडवलं हे तीच सांगते. इनामांच्या तंट्यात कित्येक घरं त्या एका तावावर तरली, कित्येक त्याच तावावर उघडी पडली.

हरभऱ्याचं झाड

हे मान्य. वडिलांच्या पावत्या टाकायच्या नाहीत, असं आईपण म्हणते. वाळूचं वाचून आता त्या एकदा काढून बघतो.

कोष्टी गल्ली

सगळं वाचलं, आता साधा प्रश्न. विणकरांकडच्या त्या तीन हजार कार्षापणांचं पुढे झालं काय? नहपान हरला, जावई गेला. व्याज चालू राहिलं का?

बोरूबहाद्दर

@कोष्टी गल्ली, त्या दोन श्रेणींचं पुढचं खातं कुठल्याही दगडावर उतरलेलं नाही. नाण्यांचं मात्र सांगता येईल. ते सिन्नरकर सांगतील, ते वाचनमात्र बसलेत, दिसतायत मला.

सिन्नरकर

पकडलंत. बरं.

जोगलटेंभी आमच्या तालुक्यात, गोदावरी-दारणेच्या संगमाकडे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. वितळवून नवी पाडली नाहीत, तीच घेतली आणि वरून हाणली. एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. ठोका नीट बसला नाही तिथे खालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. मी संग्रहालयात भिंगाखाली एक बघितलंय. नाक आणि अर्धी मिशी.

विणकरांच्या पेटीतली चांदी त्यात होती की नाही कोण सांगणार. पण गोवर्धनच्या बाजारात त्या वर्षी कोणी व्याज मोजलं असेल, तर ते अशाच दोन राजांच्या नाण्यात.

गाळीव हिशेब

वजन तेच ठेवलं होतं ना? मग हिशेब जुळतो.